मंडळाच्या स्पीकरचे कार्पेट

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या उत्सवात दिल्लीत पाऊस कसा कोसळला ते आपण सर्वांनी पाहिलेच. तिकडे यमुनेला पूर, इकडे मुनिरक्यात आपल्या मांडवात पाणी. आरतीच्या धावपळीत मंडळाचा स्पीकर जमिनीवरच राहिला आणि त्याचे कार्पेट पोटभर पाणी प्यायले. तेव्हापासून कार्यकारिणीत दोन तट आहेत. एक म्हणतो, खोका भंगारात द्या, भाड्याने आणू. दुसरा म्हणतो, दुरुस्त करा. हा खोका २००९ साली मी घरी बनवलेला असल्यामुळे माझे मत पक्षपाती समजावे. पण खोक्याला कार्पेट लावण्यामागची हकीकत मोठी आहे आणि तिचा एक धागा आपल्या रेल्वेच्या डब्यातून जातो, म्हणून हा लेखनप्रपंच.

लोकमान्यांच्या वेळी उत्सवातल्या व्याख्यानांना ध्वनिक्षेपक नव्हता. वक्त्याचा गळा हाच काय तो ध्वनिक्षेपक. अमेरिकेत १९१५ मध्ये जेन्सन आणि प्रिडहॅम यांनी मोठ्या जमावापुढे कर्णा वाजवून दाखवला. आपल्याकडे १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये शिकागो रेडिओच्या नानिक मोटवाने यांनी ध्वनिक्षेपक लावले आणि मागे बसलेल्यालाही पुढारी ऐकू येऊ लागले. पण ते कर्णे. पत्र्याचे, खांबाला बांधायचे. त्यांना खोका लागत नाही, मग कपडे कुठले? भुसावळला माझ्या लहानपणी गणपतीत हेच कर्णे होते. शब्द स्पष्ट, पण तबला पत्र्याच्या डब्यासारखा.

खोका आला तो कागदी शंकूच्या स्पीकरमुळे. राइस आणि केलॉग या अभियंत्यांनी १९२५ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. आजही मूळ तत्त्व तेच आहे. शंकू पुढे ढकलला की समोरची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. दोन्ही लाटा एकमेकींना भेटल्या की खर्जाचा आवाज मरतो. म्हणून मागची बाजू लाकडात कोंडायची. आणि लाकडी खोका एकदा का गावोगाव फिरू लागला, की त्याला आवरण हवेच.

हे आवरण आवाजाच्या शास्त्रातून आले नाही, प्रवासी सामानातून आले. अमेरिकेत फेंडर कंपनीने १९५० च्या दशकात आपल्या अँप्लिफायरवर ट्वीड चढवले, ते सुटकेसला लावायचे कापड. आपल्याकडे रेक्झिन. रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या नकली चामड्याचे नाव. तिथल्या रेल्वेने ते डब्यांच्या आतून लावले, आणि आपल्याकडे बर्थवर त्याच्याशिवाय दुसरे काही आपण कित्येक वर्षे पाहिले नाही.

आता आपल्या काकांचा विषय आला. नाव लिहीत नाही, जुने सभासद ओळखतीलच. डब्यांच्या कारखान्यात ट्रिमिंग शॉपमध्ये उभी हयात घालवून ते मुलाकडे मुनिरक्याला राहायला आले होते. कीर्तिनगरहून प्लाय आणि लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटमधून बारा इंची स्पीकर आणून मी खोका ठोकला, तेव्हा ते रेक्झिनवर अडून बसले. "पुसलं की झालं. कार्पेट पाणी पितं." मी कार्पेटवर अडलो. खरे कारण त्यांनी बोट फिरवून लगेच ओळखले. माझी करवत वाकडी गेली होती. रेक्झिनखाली प्रत्येक खाच दिसते. कार्पेट सगळे पोटात घालते. हौशी सुताराने केलेल्या खोक्यावर जगभर कार्पेट दिसते त्याचे निम्मे कारण हेच असावे. उरलेले निम्मे म्हणजे जिन्यातल्या ठेचा. डीडीएच्या फ्लॅटमधून तीन मजले खोका उतरवलेल्यांना जास्त सांगायला नको.

हे कार्पेट म्हणजे विणलेला गालिचा नव्हे. त्यात ताणा-बाणा नसतो. कृत्रिम धाग्यांचा थर अंथरून त्यात काटेरी सुया हजारो वेळा टोचतात आणि धागे एकमेकांत अडकून नमदा होतो. म्हणून ते कापले तरी सुटत नाही आणि कोपऱ्यावर ताणून बसते. जाजम किंवा सतरंजी तिथे चुण्या घालील. काकांनी हे हातात घेताच ताडले आणि कुरकुरत का होईना, काम अंगावर घेतले. रबरी चिकटद्रव्य दोन्ही अंगांना लावायचे, बोटाला ओले लागेनासे झाले की मगच दाबायचे. जोड मागच्या फळीवर आणायचा, दोन्ही कडा एकमेकींवर चढवून एकाच सुरीने दोन्ही थर एकदम कापायचे, मग खालची-वरची कातरण काढून टाकायची. जोड शोधून सापडत नाही.

एका शेजाऱ्यांनी तेव्हा विचारले होते, "आता आवाज कमी येईल ना?" बाहेरच्या कार्पेटने आवाज कमी होत नाही, आत नमदा लावला तर फक्त घुमणे कमी होते. शेजाऱ्यांचे रक्षण कार्पेट नव्हे, २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम करतात: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहानंतर परवानगीखेरीज मांडवातला स्पीकर बंद. बारा इंची खोक्याच्या नशिबी त्याहून मोठे पाप नाही, भाड्याच्या भिंतींबद्दल मी हमी घेत नाही.

काका जाऊन काही वर्षे झाली. या उन्हाळ्यात मी खोका उघडला. खालची फळी फुगली होती, ती बदलली. बाजूंचे कार्पेट वासासकट निघाले. त्याखाली, माझ्या वाकड्या कापावर, पेन्सिलीने त्यांच्या अक्षरात लिहिलेले होते: "इथे रेक्झिन हवे होते."

तीन बाजूंना आणि माथ्याला नवे कार्पेट लावले आहे, तळाला या वेळी रेक्झिन. मागच्या फळीवरचा जोड कोरडा होता, तो मी सोडवला नाही. नवे काळे आहे, जुने करडे पडले आहे, रंग जुळत नाही. मांडवात खोका भिंतीकडे पाठ करून ठेवावा, ही कार्यकर्त्यांना विनंती. आणि विटांवर ठेवावा.