घुंगुरकाठीची वाट

सह्याद्रीच्या पायवाटांवर हल्ली पहाटेच्या सुमारास तरुण मंडळी दम लागणार नाही अशा बेताने, रमतगमत म्हणावे इतक्या संथपणे धावताना दिसतात, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांच्या कानांत आईबापांच्या तरुणपणची चित्रपटगीते चालू असतात. या प्रकारास शहरी टूम समजून नाके मुरडणाऱ्या वडीलधाऱ्यांना एवढेच सांगितले पाहिजे की, रानवाटेने सावकाश धावणे आणि त्या धावण्यास नादाची साथ असणे ही गोष्ट या देशात साडेसहाशे वर्षांहून अधिक जुनी असून, एके काळी तिच्यावर मोठमोठ्या राज्यांचा कारभार चालत असे. आजचा धावणारा तो नाद आपल्या करमणुकीसाठी स्वतः ऐकतो. त्या काळचा डाक वाहणारा हलकारा सरकारचा चाकर या नात्याने तो दुसऱ्यांस ऐकवीत असे.

1333 साली सिंधु नदीच्या तीरी येऊन पोहोचलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने आपल्या प्रवासवृत्तात महंमद तुघलकाच्या डाकेचे जे वर्णन केले आहे, ते अशा बाबतींत सहसा आढळणार नाही इतके तपशीलवार आहे. मैलाच्या दर तिसऱ्या हिश्शावर वस्ती, वस्तीबाहेर ठाणे, आणि त्या ठाण्यांत कमर बांधून बसलेली माणसे. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, तर दुसऱ्या हातात दोन हात लांबीची, टोकाला तांब्याच्या घंटा लावलेली काठी. घंटांचा आवाज दुरून कानी पडताच पुढचा गडी उठून सज्ज व्हावयाचा, आणि पहिला येऊन ठेपतो न ठेपतो तोच पत्र घेऊन चालू लागावयाचा. ही पायडाक घोडेस्वारांच्या डाकेपेक्षाही वेगवान होती असे तो म्हणतो. तिच्यावरून खुरासानची फळे सुलतानाकडे येत. आणि सुलतानाचा मुक्काम आपल्या देवगिरीस, म्हणजे त्याने नाव बदलून केलेल्या दौलताबादेस असताना, चाळीस दिवसांच्या मजलेवरून त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणी याच मार्गे येत असे. राज्यकर्त्याच्या लहरीखातर माणसांना किती धावावे लागते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

मराठी राज्यातही जासूद आणि काशीद यांच्या जोड्या मुलूखभर फिरत असत आणि त्यांनी आणलेल्या कागदांनीच पुण्याच्या दप्तराचे रुमाल फुगले. शत्रूच्या चौक्यांमधून आणि वैऱ्याच्या फौजेच्या बगलेने वाट काढणारा जासूद घुंगरे वाजवीत जाईल हे मात्र संभवत नाही. त्याचे सारे कसब कोणाच्या कानावर न येण्यातच होते. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर जो प्रलय झाला, त्याची वार्ता नर्मदेच्या परिसरात असलेल्या नानासाहेब पेशव्यांना प्रथम कळली ती कोणा सरदाराच्या अर्जीने नव्हे, तर सावकारांच्या काशिदाजवळच्या पत्रातून. मोत्यांच्या आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेले ते पत्र पानिपताहून नऊ दिवसांत औरंगाबादेस पोहोचविण्याचा त्या काशिदाचा करार होता, असे ग्रँट डफने नमूद केले आहे. पत्रातील मजकूर शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. ज्याच्या पायांनी तो आला त्या माणसाची विचारपूस कोणीच केलेली नाही.

कंपनी सरकारच्या अमलात वॉरन हेस्टिंग्जने 1774 साली डाक रयतेस खुली केली आणि दर शंभर मैलांस दोन आणे हशील ठरविले. त्या काळी कातडी पिशव्या पाठीवर घेतलेले हलकारे सुमारे आठ मैलांच्या टप्प्यावर बदलत. रात्री त्यांच्यासोबत मशालजी असत आणि घोर अरण्यात वाघास दूर ठेवण्यासाठी डुगडुगी वाजविणारेही देण्यात येत. 1853 साली बोरीबंदरावरून ठाण्यास आगगाडी गेली, 1854 साली अर्ध्या आण्याचे तिकीट देशभर लागू झाले, आणि हलकारा, म्हणजेच रनर, आता नामशेष होणार असे कोणासही वाटावे. पण झाले उलटेच. पत्रे स्वस्त होताच ती खेडोपाडी जाऊ लागली, आणि जेथे रूळ संपले तेथून पुढे जावयास पायांवाचून दुसरे साधन नव्हते. कोकणात तर पावसाळ्याच्या तोंडावर गलबते किनाऱ्यास लागली आणि बंदरे बंद झाली, की घाटवाटांनी चढउतार करण्यावाचून कागदास गत्यंतरच नसे.

या माणसाची चाल हा खरा अभ्यासाचा विषय आहे. ती दौड नव्हे आणि चालणेही नव्हे. गुडघे फारसे न उचलता, श्वास न फुलवता, चढावर किंचित पुढे झुकून आणि उतारावर पाऊल आखूड टाकून तासन्‌तास टिकवावयाची अशी ती दुडकी होती. थैली एका खांद्यावर, आणि हातात आखूड भाल्यासारखी काठी. पात्याच्या खाली, काठीच्या गळ्याशी, पितळी घुंगरांचा झुबका. पाऊल पडे तसा झुबका वाजे. त्या आवाजाने सापकिरडू वाटेतून सरके, समोरून येणारा गाडीवान बाजू देई, आणि पुढच्या चौकीतला जोडीदार पेंगत असला तर जागा होऊन मुंडासे गुंडाळू लागे. दिंडीत टाळ पावलास धरून ठेवतो. येथे पाऊलच टाळ धरीत असे, आणि पाऊल चुकले की ते त्या काठीवरच प्रथम ऐकू येई. धावता धावता गती राखण्याचे याहून साधे यंत्र मला तरी माहीत नाही. त्रावणकोर संस्थानाच्या अंचल नावाच्या स्वतंत्र टपालखात्यातही अशाच घुंगरांच्या काठीचे धावते शिपाई होते, आणि ते खाते 1951 साली हिंदी टपालखात्यात विलीन झाले.

हा नाद ज्यांनी बालपणी ऐकला त्यांना तो पुढे जन्मभर गोड वाटत राहिला, यात नवल नाही. दुरून येणाऱ्या आवाजाबरोबर घरचे पत्र येत असेल तर तो गोडच वाटणार. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने डोंगरावर डाक नेणाऱ्या अशा चाकरावर कविता रचली, पण तिच्यात साम्राज्याच्या शिस्तीचा अभिमानच अधिक आहे. विशीतच वारलेल्या सुकांत भट्टाचार्य या बंगाली कवीने मात्र पैशांची थैली वाहणारा रनर स्वतः उपाशी कसा, हे नेमके ओळखले. सलील चौधरींनी त्या कवितेस चाल लावली आणि हेमंत मुखर्जींच्या आवाजात ती बंगालच्या घराघरांत गेली. आठवणीने हळवे करणारे आणि तरीही खोटे न बोलणारे या विषयावरचे गाणे म्हणावे तर हेच. आपल्याकडे घुंगुरकाठीचे कौतुक पुष्कळ झाले, काठी धरणाऱ्याच्या मुशाहिऱ्याची चौकशी फारशी झाली नाही; आणि ती करावयाची कोणाच्या मनात आल्यास टपालखात्याची जुनी दप्तरे अजून उघडता येण्यासारखी आहेत.

सरकारने त्याची बूज राखली नाही असेही म्हणता येत नाही. 1937 साली सहाव्या जॉर्जच्या कारकीर्दीत निघालेल्या तिकिटांच्या मालिकेत टपालाची सारी वाहने चितारली होती: बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, आगबोट, मोटारलॉरी आणि विमान. त्यात विमान बारा आण्यांच्या तिकिटावर होते. रनर सर्वांत स्वस्त, दोन आण्यांच्या तिकिटावर.