चेहऱ्याचे तारुण्य आणि शस्त्रक्रिया : अपेक्षा व वास्तव

नाशिक - पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले आणि 'नासिका' या शब्दावरून नगरीला नाव मिळाले, अशी लोकश्रद्धा आहे. कापलेले नाक पुन्हा घडविण्याची विद्याही महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. टिपू सुलतानाच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावर पुण्याजवळ एका देशी वैद्याने कपाळाची त्वचा वापरून शस्त्रक्रिया केली होती. तिचे सचित्र वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली.

कावसजीला गमावलेला अवयव परत हवा होता. चेहऱ्याचे तारुण्य जपण्यासाठी होणारी शस्त्रक्रिया मात्र निरोगी चेहऱ्यावर केली जाते. ती टाळली तरी प्रकृतीला अपाय होत नाही. त्यामुळे तिच्यापासून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, याचा विचार आधीच होणे आवश्यक ठरते.

शस्त्रक्रियेत काय केले जाते?

वयोमानानुसार त्वचेची लवचिकता घटते, चरबीचे थर खाली सरकतात आणि गाल, हनुवटी व मानेचा भाग सैल पडतो. 'फेसलिफ्ट'मध्ये कानशिलाजवळच्या केसांपासून कानाच्या पुढून व मागून छेद घेतला जातो. केवळ त्वचा ताणल्यास परिणाम टिकत नाही आणि चेहरा ओढल्यासारखा दिसतो. म्हणून १९७० च्या दशकापासून त्वचेखालील स्नायू-आवरणाचा थर उचलून घट्ट करण्याची पद्धत रूढ झाली. पापण्यांवरील सैल त्वचा काढणे किंवा भुवया उचलणे या शस्त्रक्रिया स्वतंत्रपणे किंवा जोडीने केल्या जातात. व्याप्तीनुसार यास दोन ते चार तास किंवा अधिक वेळ लागू शकतो.

काय साध्य होत नाही?

या शस्त्रक्रियेने सैलपणा कमी होतो, मात्र त्वचेचा पोत बदलत नाही. उन्हाने पडलेले डाग, वांग आणि ओठांभोवतीच्या बारीक सुरकुत्या तशाच राहतात. नाकापासून ओठांच्या कडेपर्यंतच्या घड्या सौम्य होतात, पण नाहीशा होत नाहीत. वय वाढण्याची क्रियाही थांबत नाही; परिणाम साधारणतः सात ते दहा वर्षे जाणवतो. नोकरी, विवाह किंवा नातेसंबंधांतील अडचणी चेहरा बदलल्याने सुटतील, अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांच्या पदरी निराशा येण्याचा संभव अधिक असतो.

पूर्वतयारी

रक्तदाब व मधुमेह नियंत्रणात असावा लागतो. धूम्रपानामुळे त्वचेचा रक्तपुरवठा घटतो व जखमेच्या कडा मृत होण्याचा धोका वाढतो. म्हणून किमान चार आठवडे आधी ते थांबविण्यास सांगितले जाते. तंबाखू व मिश्रीतूनही निकोटिन शरीरात जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारी औषधे तसेच काढे व आयुर्वेदिक गोळ्या यांची माहिती डॉक्टरांपासून लपवू नये. मात्र हृदयविकाराची औषधे परस्पर बंद करणे धोक्याचे आहे.

पहिले काही आठवडे

पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज व काळेनिळेपणा वाढतो. आरशातील चेहरा पाहून या काळात अनेकांना पश्चात्ताप वाटतो. ही अवस्था तात्पुरती असते. डोके उंच ठेवून झोपावे लागते. टाके बहुधा पाच ते दहा दिवसांत निघतात. दोन-तीन आठवड्यांत चारचौघांत वावरणे शक्य होते, परंतु कानाभोवतीची बधिरता काही महिने राहू शकते. व्रण फिके होण्यास वर्षही लागते. सावळ्या त्वचेवर व्रण काळसर किंवा जाड होण्याची शक्यता असल्याने उन्हापासून संरक्षण महत्त्वाचे ठरते.

धोके

त्वचेखाली रक्त साकळणे ही सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत असून ती बहुधा पहिल्या चोवीस तासांत होते. एका बाजूला अचानक वाढणारी सूज आणि वेदना हे तिचे लक्षण आहे. पापण्यांच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात तीव्र वेदना झाल्यास किंवा दृष्टी मंदावल्यास क्षणाचाही विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा होऊन हालचालीवर परिणाम होण्याची शक्यता कमी असली, तरी नाकारता येत नाही. मुंबई किंवा पुण्यात शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या नाशिककरांनी म्हणूनच त्याच दिवशी कसारा घाट किंवा पुणे महामार्गाने घर गाठण्याची घाई करू नये.

निर्णयापूर्वी

शल्यचिकित्सकाकडे प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा समकक्ष पदवी आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी आहे का, हे पाहावे. भूल कोण देणार, रात्री अडचण आल्यास कोण उपलब्ध असेल आणि दुरुस्तीची वेळ आल्यास खर्च कोणाचा, हे प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. उपचाराचे स्वरूप, पर्याय व मोठे धोके समजल्याशिवाय दिलेली संमती वैध ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च सर्वसाधारणपणे आरोग्य विम्यातून मिळत नाही आणि तिला जीएसटीतूनही सूट नाही.

ही तातडीची शस्त्रक्रिया नाही. पहिल्याच भेटीत आगाऊ रक्कम भरण्याचा आग्रह होत असेल, तर घरी परतून विचार करण्याचा आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे.