सोडतीचे रस्ते आणि पिंगलाचा मेरू

कलकत्ता शहर कोणी आधी आखून वसविले नाही. ते हुगळीच्या काठाने वाढत गेले. लॉर्ड वेलस्लीने १८०३ साली नगरसुधारणेचे टिपण लिहिले, आणि पुढे १८१७ साली सोडत समिती नेमली गेली. तिकिटे विकावी, बक्षिसे वाटावी व उरल्या पैशांतून रस्ते काढावे, असा तो व्यवहार. वेलस्ली, वेलिंग्टन, कॉलेज आणि कॉर्नवॉलिस हे उत्तर-दक्षिण धावणारे सरळ रस्ते ही या जुगाराची कमाई होय. विलायतेतील लोकमत अशा पैशाविरुद्ध गेले आणि १८३६ साली समितीचे काम थांबले.

सरळ रस्ते एकमेकांना छेदू लागले की एक कोडे आपोआप जन्मास येते. एखाद्या कारकुनाला कचेरीसाठी पूर्वेस चार टप्पे व दक्षिणेस तीन टप्पे जावयाचे आहे. मागे वळावयाचे नाही. त्याला वाटा किती? कोणत्याही चौकात पश्चिमेकडून किंवा उत्तरेकडूनच येता येते. म्हणून त्या दोन चौकांचे आकडे मिळविले की या चौकाचा आकडा निघतो. कडेच्या रस्त्यांवर सर्वत्र एक. असे करीत गेल्यास कचेरीपाशी ३५ येतात. दोन्ही दिशांस दहा-दहा टप्पे घेतले तर वाटा होतात १,८४,७५६. रोज नवी वाट धरली तरी पाचशे वर्षे पुरतील!

नेमकी हीच बेरीज पिंगलाच्या छंदःसूत्रावरील ‘मृतसंजीवनी’ टीकेत हलायुधाने दहाव्या शतकात मांडली आहे. वर एक घर, खाली दोन, त्याखाली तीन. कडेच्या घरांत एक, मधल्या घरात वरच्या दोन घरांची बेरीज. हाच मेरुप्रस्तार. हलायुधाला रस्ते नव्हे, वृत्ते मोजावयाची होती. पण पूर्वेचा टप्पा गुरू व दक्षिणेचा लघू मानला की कारकुनाची प्रत्येक वाट सात अक्षरांचा एक चरण ठरते, आणि चार गुरू व तीन लघूंचे चरण ३५च भरतात.

पास्कलने आपला प्रबंध लिहिला १६५४ मध्ये, तो छापला गेला १६६५ साली. तरी शाळेत ही आकृती पास्कलच्याच नावाने शिकविली जाते. यात पास्कलचा दोष नाही. छंदांची पोथी गणिती उघडत नाहीत आणि गणिताची शास्त्री उघडत नाहीत, हेच कारण असावे. भास्कराचार्यांनी मात्र दोन्ही उघडल्या होत्या. ११५० च्या ‘लीलावती’त वृत्तांच्या गणनेशेजारीच आठ दारांच्या वाड्याचे उदाहरण आहे, त्याची दारे उघडण्याचे २५५ प्रकार होतात.

हलायुधाची टीका छापून निघाली ती कलकत्त्यासच, १८७४ साली, एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत. मेरूची सारी घरे मात्र सदैव उघडी असतात. या शहराची तशी नसतात. पावसाळ्यात घरापासून पूर्वेस दोन व दक्षिणेस एक टप्प्यावरचा चौक पाण्याखाली गेला, तर त्यातून जाणाऱ्या १८ वाटा बुडतात आणि कारकुनाला उरतात १७.