कर्सर : समाप्ती व विमोचन

एसक्यूएल डेटाबेसात प्रश्नाने (क्वेरीने) निवडलेल्या ओळी एकेक करून हाती घेण्याच्या साधनास कर्सर म्हणतात; काम सरल्यावर तो बंद करणे ही त्याची समाप्ती, आणि त्याने अडवून ठेवलेली स्मृती परत करणे हे विमोचन होय. एडगर कॉड यांच्या १९७० च्या संबंधात्मक प्रतिमानावर डोनाल्ड चेंबर्लिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये उभी केलेली एसक्यूएल ही भाषा मुळात ओळींच्या समुच्चयाचा विचार करते. परंतु तिला वापरणारे प्रोग्रॅम बहुधा एका वेळी एकच ओळ हाताळतात, म्हणून या दोहोंमधील दुवा कर्सर ठरला.

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा गावाच्या आठ-अ (जमीनखात्यांच्या) नोंदी एका सारणीत आहेत असे मानल्यास, प्रत्येक खातेदाराचा महसूल तपासताना ‘डिक्लेअर’ने कर्सर घोषित होतो, ‘ओपन’ने प्रश्न चालतो, ‘फेच’ने एकेक खाते पुढे येते व ‘क्लोज’ने तपासणी मिटते.

मात्र पेशवे दप्तरातील रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) कागद पाहून झाल्यावर पुन्हा बांधणे जसे निराळे आणि तो मूळ जागी ठेवून फडताळापुढील मेज मोकळे करणे निराळे, त्याचप्रमाणे मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘क्लोज’ने निवडलेल्या ओळी व त्यांवरील कर्सराची कुलुपे सुटली, तरी कर्सराची व्याख्या शिल्लक राहते व तो पुन्हा उघडता येतो; ‘डीअ‍ॅलोकेट’ने त्याचा अखेरचा संदर्भ पुसला गेला की मगच त्याची सर्व संसाधने मुक्त होतात.

इतर प्रणालींचे रिवाज भिन्न आहेत. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘विथ होल्ड’ न म्हणता घोषित केलेला कर्सर व्यवहार (ट्रान्झॅक्शन) संपताच मिटतो. मायएसक्यूएलमध्ये तो ज्या खंडात घोषित झाला, त्या खंडाच्या अखेरीस मिटतो. ओरॅकलमध्ये प्रत्येक सत्रास उघड्या कर्सरांची मर्यादा नेमून दिलेली असते, आणि न मिटवलेले कर्सर साचून ती ओलांडली गेली की ‘ओआरए-०१०००’ ही त्रुटी येऊन पुढील काम अडते.

असा खोळंबा बहुधा सरळ वाटेवर नव्हे, तर मध्येच चूक उद्भवून ‘क्लोज’पर्यंत न पोहोचणाऱ्या वाटेवर उत्पन्न होतो. याच कारणास्तव जावा भाषेत २०११ च्या सातव्या आवृत्तीपासून ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’ ही रचना आली, जी यशापयश न पाहता उघडलेले साधन बंद करते. ज्या प्रोग्रॅमाने कर्सर उघडला, त्यानेच तो मिटवावा व मुक्त करावा, आणि ही तजवीज उघडण्यापूर्वीच करून ठेवावी.