आर्तुसीचें पाकशास्त्र आणि इटलीची चूल

‘इटलीचें जेवण’ हा शब्दप्रयोग आज सर्वत्र रूढ आहे. टोमॅटोच्या रसांत घोळलेली माकारोनी, मिलानचा केशरी भात, नाना भाज्यांचें दाट सार, मक्याच्या पिठाची घट्ट शिजविलेली पोलेंता, हीं सारीं एकाच राष्ट्राच्या ताटांतलीं अन्नें म्हणून जगापुढें येतात. परंतु दीडशें वर्षांपूर्वीं असें ताट इटलींत कोठेंही मांडलें जात नव्हतें. व्हेनिसकडील शेतकरी पोलेंतेवर जगे, नेपल्सचा मजूर भर रस्त्यांत उभ्याउभ्या माकारोनी खाई, आणि श्रीमंतांच्या मुदपाकखान्यांत फ्रेंच पद्धतीचा व फ्रेंच नांवांचा बडेजाव असे. एका प्रांताच्या पदार्थाचें नांवही दुसऱ्या प्रांतास कळत नसे.

१८६१ सालीं इटलीचें राज्य जाहीर झालें. त्या राष्ट्रोद्धाराचा एक प्रवर्तक मॅझिनी हा सावरकरांच्या १९०७ सालच्या भाषांतरामुळें मराठी वाचकांच्या चांगलाच परिचयाचा झाला. गॅरिबाल्डीची तरवार आणि काव्हूरची मुत्सद्देगिरी यांनीं देशाचा नकाशा एक केला. पण त्या वेळीं प्रमाण इटालियन भाषा बोलूं शकणारे लोक शेंकडा दहांहून अधिक नसावेत, असा भाषापंडितांचा अंदाज आहे. जेथें बोली एक नाहीं, तेथें चूल एक कशी असणार? ती चूल ज्या एका पुस्तकानें पुष्कळ अंशीं एक केली, त्याचा कर्ता आचारी नव्हता, सरदारही नव्हता. तो फ्लॉरेन्समधील एक निवृत्त व्यापारी होता.

पेलेग्रीनो आर्तुसी याचा जन्म १८२० सालीं रोमान्या प्रांतांतील फोर्लिंपोपोली या लहानशा गांवीं झाला. हा मुलूख त्या वेळीं पोपच्या अमलाखालीं होता. वडील खाऊनपिऊन सुखी असे व्यापारी होते. २५ जानेवारी १८५१ च्या रात्रीं या कुटुंबावर घाला पडला. ‘पासातोरे’ या नांवानें कुप्रसिद्ध असलेल्या स्तेफानो पेल्लोनी या दरोडेखोरानें आपल्या टोळीसह गांव गांठला. गांवांतील प्रतिष्ठित मंडळी नाटकास जमली होती. अंकाच्या मध्यंतरांत पडदा वर गेला तों रंगभूमीवर नटांच्या ऐवजीं बंदुका रोखलेले दरोडेखोर उभे! प्रेक्षकांस ओलीस धरून टोळीनें गांवांतलीं घरें लुटलीं. आर्तुसींचें घरही त्यांतून सुटलें नाहीं. त्या रात्रींच्या अत्याचारानें पेलेग्रीनोची बहीण गेरत्रूदे हिची बुद्धि भ्रमली, आणि पुढें वेड्यांच्या इस्पितळांतच तिचा अंत झाला. कुटुंबानें गांव सोडला व १८५२ सालीं फ्लॉरेन्स येथें बिऱ्हाड केलें. तेथें पेलेग्रीनोनें रेशमाचा व्यापार व सराफी केली, पैसा मिळविला, आणि मग व्यवसाय आवरून वाङ्मय व पाकशास्त्र यांत मन घातलें. तो अखेरपर्यंत अविवाहित राहिला.

१८९१ सालीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, त्यानें ‘पाकक्रियेचें शास्त्र आणि उत्तम भोजनाची कला’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रकाशक मिळेना, तेव्हां पदरच्या खर्चानें एक हजार प्रती छापून घेतल्या. एका विद्वान् स्नेह्यानें पुस्तक चालणार नाहीं असें भविष्य वर्तविलें. जन्मगांवच्या धर्मादाय जत्रेंतील सोडतीसाठीं आर्तुसीनें दोन प्रती पाठविल्या. ज्यांना त्या लागल्या त्यांनीं पुस्तकाची चेष्टा करून त्या तंबाखूच्या दुकानदारास विकून टाकल्या. पुढील आवृत्तींच्या प्रस्तावनेंत ही सारी हकीकत त्यानें स्वतःच विनोदानें सांगितली आहे. उलट प्रसिद्ध मानववंशशास्त्रज्ञ पाओलो मांतेगाझा यानें ग्रंथाची वाखाणणी केली. हा मांतेगाझा म्हणजे १८८१-८२ च्या सुमारास हिंदुस्थानांत येऊन निलगिरींतील तोडा लोकांचा अभ्यास करणारा पंडित होय. हळूहळू पुस्तकाला वाचक लाभले व आवृत्तीमागून आवृत्ति निघूं लागली. पहिल्या आवृत्तींत ४७५ कृति होत्या. अखेरच्या आवृत्तींत त्या ७९० झाल्या.

ही वाढ कशी झाली, हें या ग्रंथाचें मर्म आहे. निरनिराळ्या गांवांच्या गृहिणी आर्तुसीस पत्रें लिहीत, आपल्या घरची रीत कळवीत, छापलेल्या कृतींतले दोष दाखवीत. तो त्या कृति स्वतःच्या स्वयंपाकघरांत करवून पाही. प्रत्यक्ष हात असे तो फ्रांचेस्को रुफिल्ली व मारिएत्ता साबातीनी या त्याच्या दोन नोकरांचा. नाताळच्या गोड पावाची एक कृति तर मारिएत्ताच्याच नांवानें ग्रंथांत आहे. एकाच मिलानच्या केशरी भाताच्या त्यानें तीन निरनिराळ्या तऱ्हा दिल्या, आणि निवड करणाऱ्याच्या आवडीवर सोपविली. कांदा लोण्यांत परतावा, तांदूळ त्यांत भाजून घ्यावे, मग कढत आखणी थोडी थोडी घालीत ती मुरवावी. तत्त्व इतकेंच, पण पळीगणिक लक्ष हवें. फ्रेंच ‘बेशामेल’ला त्यानें ‘बाल्सामेल्ला’ असें देशी रूप दिलें, आणि अवघड तोस्काना शब्दांचा छोटा कोशही जोडला. अशा रीतीनें पाककृतींच्या मिषानें एक सर्वांस कळेल अशी गृहभाषा घरोघर पोंचली.

कृतींच्या मधून मधून तो गोष्टीही सांगतो. १८५५ सालीं तो लिव्होर्नो येथें समुद्रस्नानासाठीं गेला होता. एका खाणावळींत त्यानें भाज्यांचें सार, म्हणजे मिनेस्त्रोने, घेतलें. रात्रीं पोटांत भयंकर कळा उठल्या व त्यानें सारा दोष त्या सारास दिला. दुसरे दिवशीं तो फ्लॉरेन्सला परतला. मागाहून कळलें कीं लिव्होर्नोंत पटकी सुरू झाली असून तो ज्या घरीं उतरला होता त्या घराचा मालकच तिचा पहिला बळी ठरला. एवढें सांगून तो लगेच मिनेस्त्रोनेची कृति देतो! टोमॅटोच्या रसाच्या आरंभीं सर्वांच्या घरांत नाक खुपसणाऱ्या एका पाद्र्याची गोष्ट आहे. गांवकऱ्यांनीं त्यास ‘टोमॅटोबोवा’ असें नांव ठेविलें होतें, कारण टोमॅटोही सर्वत्र शिरतो.

मात्र टोमॅटोचा हा सर्वत्र संचार फारसा जुना नाहीं. अमेरिकेंतून आलेल्या या फळाच्या रसाची कृति नेपल्स येथें १६९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंतोनिओ लातीनीच्या ग्रंथांत आढळते, आणि तीही ‘स्पॅनिश तऱ्हेची’ म्हणून. माकारोनीशीं त्याची जोडी एकोणिसाव्या शतकांत जमली. माकारोनी मात्र प्राचीन. ती मार्को पोलोनें चीनहून आणली ही समजूत खोटी आहे: पोलो परतला १२९५ सालीं, आणि जेनोआच्या १२७९ सालच्या एका मालमत्तेच्या यादींत माकारोनीच्या पेटीची नोंद आहे. त्याही आधीं, ११५४ सालीं, अरब भूगोलकार इद्रीसी यानें सिसिलींत वाळविलेल्या शेवया तयार होऊन जहाजांनीं परदेशीं जात असल्याचें लिहून ठेविलें आहे. जगभर प्रसिद्ध असलेला खारा पिझ्झा तर आर्तुसीच्या ग्रंथांत नाहींच. ‘नेपल्सचा पिझ्झा’ म्हणून जी कृति आहे ती बदाम व ताज्या रिकोत्ताच्या गोड पक्वान्नाची आहे.

येथेंच या ग्रंथाची मर्यादाही दिसते. आर्तुसीचा देश मुख्यतः रोमान्या, बोलोन्या व तोस्काना. दक्षिणेचा वांटा त्यांत थोडा. आणि ज्यांच्या घरीं लोणी व मांस येतच नव्हतें, त्यांच्यासाठीं हें पुस्तक नव्हतें. उत्तरेंतील गरीब शेतकरी केवळ मक्यावर जगत. अमेरिकेचे मूळ रहिवासी मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून घेत, त्यामुळें त्यांतलें पोषक द्रव्य शरीरास लाभे. युरोपनें मका घेतला, ती युक्ति घेतली नाहीं. परिणामीं ‘पेलाग्रा’ नांवाचा रोग पसरला: कातडी सोलते, अंगांतली शक्ति जाते, शेवटीं बुद्धि भ्रमते. १८८० च्या सुमारास अशा रोग्यांची संख्या इटलींत एक लाखाच्या घरांत होती. जी पोलेंता आज हौसेनें खाल्ली जाते, तिच्यामागें ही वेदना आहे.

आर्तुसी ३० मार्च १९११ रोजीं निवर्तला. ग्रंथाचे हक्क त्यानें फ्रांचेस्को व मारिएत्ता यांस ठेविले. पत्रांतून कृति धाडणाऱ्या अनेक गृहिणींच्या वांट्यास एवढीही नोंद आली नाहीं. पुढें १९७० सालीं पिएरो कांपोरेसी या अभ्यासकानें असें मत मांडलें कीं, देशाच्या एकीकरणास मांझोनीच्या थोर कादंबरीनेंही जें साधलें नाहीं तें या पाकशास्त्रानें साधलें. विधान धीट आहे, पण निराधार नव्हे. कारण कादंबरी दिवाणखान्यांत राहिली, हें पुस्तक पिठानें माखून चुलीजवळ राहिलें.

डिसेंबर २०२५ मध्यें दिल्लीच्या लाल किल्ल्यांत युनेस्कोच्या समितीची बैठक भरली. तींत जगाच्या अमूर्त वारशांत आपल्या दिवाळीबरोबर इटलीच्या पाकपरंपरेचाही समावेश झाला. हा मान कोणा एका पदार्थास नसून घरांत रांधण्याच्या व एकत्र जेवण्याच्या रीतीस मिळाला आहे. त्याचे खरे धनी त्या गृहिणी होत.