श्वास कोण मागतो?

आमच्या विजय नगरात सकाळी फिरायला निघालं की "खोल श्वास घ्या, प्राणवायू वाढतो" हे वाक्य हमखास कानावर पडतं. ही समजूत मोजून पाहणारा माणूस मराठीच होता.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३. बडोद्याला माणिकरावांच्या तालमीत घडले, अमळनेरला शिकवलं आणि १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं. योगक्रिया त्यांनी थेट क्ष-किरण यंत्रापुढे आणि दाबमापकापुढे उभ्या केल्या. 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही त्याच वर्षीचं. प्राणायामात प्राणवायू किती शोषला जातो, कार्बन डायऑक्साइड किती बाहेर पडतो, हेही तिथे मोजलं गेलं. प्राणायामाचं मोठेपण जादा प्राणवायूत नाही, असं त्यांचं मत झालं. स्वतः योगी असून हे सांगायला छाती लागते.

त्याआधी, १९०५ मध्ये, इंग्लंडात हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी दाखवलं होतं की वायुकोशांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.२ टक्क्यांनी वाढला तरी श्वसन जवळपास दुप्पट होतं. श्वास मागतो तो मुख्यतः हा वायू. त्याचे मोठे पहारेकरी मेंदूच्या देठात, काही मानेतल्या रोहिणीपाशी. पण श्वासनलिकांच्या भिंतीतही चौक्या आहेत. फुफ्फुस फुगलं की "पुरे" हा निरोप व्हेगस मज्जातंतूतून वर जातो. हेरिंग आणि ब्रॉयर यांनी हे १८६८ मध्येच मांडलं. नलिकेत कार्बन डायऑक्साइड वाढला की हा निरोप मंदावतो, ब्रेक ढिला पडतो.

आपल्याकडे अवतार सिंग पेंटल यांनी फुफ्फुसातले 'जे' ग्राहक शोधले. केशवाहिन्यांजवळ पाणी साचलं की ते जागे होतात. उंच चौकीवर फुफ्फुसात पाणी भरलेल्या जवानाची धाप ज्याने पाहिली आहे, त्याला या शोधाची किंमत कळेल.

आता नर्मदेकडे या. ग्वारीघाटावर बुडी मारण्याआधी भराभर वीस-पंचवीस श्वास घेतले तर प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो. मग पाण्याखाली पहारेकरी गप्प बसतात. गुदमरल्यासारखं वाटत नाही, वर यावंसं वाटत नाही, आणि प्राणवायू संपून शुद्ध आधी हरपते. चांगले पोहणारेसुद्धा असेच जातात. तुमच्या घरातलं पोरगं पैजेसाठी असं करत असेल, तर त्याला आजच थांबवा.