पाच कळा आणि एक दुखरं मनगट

गेल्या पावसाळ्यात माझं उजवं मनगट बोलायला लागलं. दिवसभर ऑफिसचा कोड, रात्री स्वतःचा. डॉक्टर म्हणाले, "कीबोर्ड-माऊस कमी करा." म्हणजे आचाऱ्याला सांगायचं, कढईला हात लावू नका! मग शोधत बसलो, की याला पर्याय कुणी काढलाच नाही का?

काढला होता की. आणि तोही माऊसवाल्यानेच! 9 डिसेंबर 1968, सॅन फ्रान्सिस्को. डग्लस एंगलबार्टचं दीड तासाचं प्रात्यक्षिक. उजव्या हातात माऊस, डाव्या हाताखाली पाच कळांचं छोटं यंत्र. पेटीवर दोन-तीन पट्ट्या एकदम दाबाव्यात तशा कळा दाबायच्या. पाच कळांची 31 कॉम्बिनेशन्स होतात, इंग्रजी अक्षरं त्यात आरामात बसतात. माऊस जगभर गेला, पाच कळा मागे राहिल्या. माऊस दोन मिनिटांत कळतो, कॉम्बिनेशन्स पाठ करावी लागतात.

90च्या दशकात ही कल्पना टेबलावरून अंगावर आली. एमआयटीतला थॅड स्टार्नर 1993पासून कॉम्प्युटर अंगावर घालून वावरू लागला. डोळ्यासमोर छोटा डिस्प्ले, आणि टायपिंगला ट्विडलर: पट्ट्याने तळहाताला बांधलेला, बोटांसाठी 12 कळांचा कीबोर्ड. उभ्याने, चालताना, न बघता टाइप करायचं. पुढे जॉर्जिया टेकमध्ये अभ्यास झाला. साधारण 25 तासांच्या सरावानंतर लोक मिनिटाला सरासरी 47 शब्दांवर पोचले. वाईट नाही! पण 25 तास? तेवढ्यात आपण दोन वेब सिरीज संपवतो. माझ्या मते इथेच घोडं अडलं. यंत्रात खोट नव्हती, आपल्याला धीर नव्हता.

मध्ये हातमोजेही येऊन गेले. पण हवेत हात धरून दिवसभर काम? खांदे भरून येतात हो. मग मायो नावाचा दंडपट्टा आला, स्नायूंमधले विजेचे सूक्ष्म संकेत वाचणारा. 2018मध्ये त्याची विक्री थांबली. तीच वाट धरून 2025मध्ये मेटाने चष्म्यासोबत मनगटपट्टा आणला: बोट जरासं हललं तरी त्याला कळतं.

मी मात्र जुना ट्विडलर मिळवला, डाव्या हातासाठी. नऊ तास झालेत, वेग मिनिटाला 14 शब्द. मनगट रात्री झोपू देतंय. फक्त परवा टीम लीडचा मेसेज आला, "रागावलायस का? फार तुटक उत्तरं देतोस."

मी उत्तर दिलं, "नाही." तेवढंच जमलं.